लाखात पगार, मग युनियन कशाला?

कामाचं बोला : वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार वकीलबाई. माझा मुलगा एका खासगी विमान कंपनीत को-पायलट आहे. बारावीनंतरचं ट्रेनिंग, परवाना, मग एअरबसचं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायची वेगळी परवानगी) असं करत खर्च कोटीच्या घरात गेला. जुळे सोलापुरातलं आमचं घर बँकेकडे तारण आहे. नोकरीला चार वर्षं झाली, पगार चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण यंदा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, तीन दिवस आला, नंदीध्वज बघायचे म्हणून आला, आणि पहिले चौदा तास नुसता झोपून राहिला. मिरवणूक दारावरून गेली तरी उठला नाही. आता त्याच्या बरोबरीची मुलं युनियन करायची म्हणतायत, सह्यांचा कागद फिरतोय. ह्यांचा सक्त विरोध. म्हणतात, “माझ्या बापाची जुनी गिरणी युनियनवाल्यांनी घालवली. लाखात पगार घेणाऱ्याला युनियन कशाला लागती? उद्या काढून टाकलं तर हप्ता कोण भरणार?” मुलगा फोनवर मला विचारतो, आई, सही करू का नको? मी काय सांगू?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, करू द्या सही. फक्त कागद दोनदा वाचून करायला सांगा. का म्हणते ते सांगायला जरा वेळ लागेल.

आधी तुमच्या यजमानांचं गिरणीचं दुखणं बघू, कारण ते आपल्या गावात घरोघरी आहे. माझे वडील साचेवाले होते. लहानपणी भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. तेव्हा गिरणी म्हटलं की मलाही काहीतरी होतं. पण जुन्या गिरणीचं, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीचं, प्रकरण आम्हा वकिलांना कॉलेजात पाठ करावं लागतं, म्हणून सांगते. १८७७ साली उभी राहिलेली ती गिरणी १९४९ मध्ये मालक मंडळींनी बंद केली. हजारो माणसं रस्त्यावर आली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारला फक्त या एका गिरणीसाठी वटहुकूम काढून ताबा घ्यावा लागला, आणि त्यात कारण लिहिलं होतं ते कारभारातल्या गोंधळाचं आणि हलगर्जीचं. कामगारांचं नव्हे. एक भागधारक त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि हरला. तो निकाल आजही राज्यघटनेच्या पुस्तकांत सोलापूरच्या नावाने छापला जातो. तेव्हा यजमानांना म्हणावं, सासरेबुवांची गिरणी कुणी घालवली याचा कागद सरकारच्याच दप्तरात आहे. युनियनच्या चुका झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास माणसं उतरली, आणि परत यायला गिरण्याच उरल्या नाहीत. त्या संपातून शिकायचं ते वेगळं आहे, त्याच्याकडे येते.

आता “लाखात पगार” हा मुद्दा. पगार मोठा म्हणजे माणूस मोकळा, असं आपण धरून चालतो. तुमच्या मुलाचंच बघा. त्याच्या हातात एअरबसचं रेटिंग आहे. बोइंग उडवणाऱ्या कंपनीत जायचं तर पुन्हा शिकायचं, पुन्हा खर्च. देशातल्या दहा विमान प्रवाशांपैकी साधारण नऊ जण दोनच गटांच्या विमानांत बसतात, म्हणजे त्याच्या कामाला गिऱ्हाईकं किती? मोजून दोन-तीन. नोकरी सोडायची म्हटली तर डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, २०१७ पासूनचा नियम आहे : को-पायलटने सहा महिने आधी नोटीस द्यायची, कमांडरने, म्हणजे कॅप्टनने, वर्षभर आधी. आपल्याकडे तिसऱ्या पाळीचा जॉबर (मुकादम) आज इथला हिशेब घेऊन उद्या शेजारच्या कारखान्यात उभा राहतो. तुमच्या मुलाला ते जमणार नाही. २०२३ मध्ये एका नव्या कंपनीतले ४३ पायलट नोटीस पूर्ण न करता गेले, तर कंपनीने त्यांतल्या काहींना मुंबई उच्च न्यायालयात खेचलं. डोक्यावर कोटीचं कर्ज, नोटीस सहा महिन्यांची आणि बाजारात गिऱ्हाईकं दोन-तीन. असा माणूस एकटा एचआरच्या टेबलासमोर बसला तर काय बोलणार? “सर, जरा बघा की,” एवढंच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत पायलटांची संघटना १९३१ मध्ये झाली. त्या काळी तिथला पायलट म्हणजे सिनेमातला हिरो, आणि तरी कंपन्या तासाला किती द्यायचे यावरून त्याला पिळायच्या. १९३४ मध्ये तिथल्या सरकारी लवादाने महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली आणि पगाराची रीत ठरवून दिली. तास आणि पैसा एकाच निवाड्यात. ही जोडी लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच येऊन थांबतं. पुढे १९३६ मध्ये रेल्वे कामगारांचा कायदा तिथल्या विमान कंपन्यांनाही लागू झाला. आजही तिथे बोलणी होतात ती त्याच कायद्याखाली, वर्षानुवर्षं चालतात, आणि २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार पदरात पाडून घेतला.

तास आणि पैसा वेगळे का करता येत नाहीत, ते मी एका केसमध्ये शिकले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातला एक कारखाना, नाव घेत नाही. हंगामात तिथले ट्रकचालक सोळा-सोळा तास गाडी चालवायचे. मालक जबरदस्ती करत नव्हता. दुसऱ्या पाळीला दीडपट भत्ता द्यायचा, बस्स. एक चालक पहाटे बार्शी रस्त्याला झाडावर गेला. पाय गेला त्याचा. मी नुकसानभरपाई मागायला उभी राहिले तर कंपनीच्या वकिलांनी रजिस्टर काढलं : “बघा, याने स्वतः मागून घेतलीये जादा पाळी. ही त्याची सही.” सही खरी होती. पोरीचं लग्न होतं त्याच्या. मूळ पगार इतका तोकडा की झोप विकल्याशिवाय घर चालत नव्हतं, आणि विकत घेणारा म्हणत होता, मी कुठे मागितली?

पायलटचं गणित वर वेगळं दिसतं, पण आतून हेच. त्याच्या पगारात ठरावीक तासांची हमी असते; त्याहून जास्त उडवलं तर तासावर पैसे. २०२४ च्या वसंतात एका कंपनीचं दुसरीत विलीनीकरण चाललं होतं, तेव्हा ही हमी ७० तासांवरून ४० वर आणली गेली. हातात येणारा आकडा टिकवायचा तर आता जास्त उडवा. पायलट नाराज झाले, विमानं रद्द होऊ लागली, कंपनीला वेळापत्रकच आवळावं लागलं. बातम्यांत ते “पगारवाढीचं भांडण” म्हणून आलं. मी तिथे मला भेटलेला तो चालक बघत होते.

आणि झोपेचं मोल काय असतं? १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक छोटं प्रवासी विमान कोसळलं. ५० माणसं गेली. मुख्य चूक कॅप्टनच्या हातून झाली, हे तपासात स्पष्ट आहे. पण त्याच तपासात हेही निघालं की को-पायलट मुलगी आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून मालवाहू विमानांत बसून, अर्धवट झोपेत ड्यूटीवर पोचली होती. जिथे नोकरी, त्या महागड्या शहरात राहणं तिच्या पगारात परवडण्यासारखं नव्हतं. मेलेल्या प्रवाशांचे नातेवाईक नंतर वर्षानुवर्षं सरकारच्या दारात बसले आणि तिथले विश्रांतीचे नियम बदलले. म्हणून पायलटचा पगार हा त्याच्या घरचा खासगी मामला आहे, असं मला वाटत नाही.

आपल्याकडचे ताजे नियमही कुणी कृपा म्हणून दिलेले नाहीत. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. कंपन्या लांबणीवर टाकत राहिल्या आणि पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात झगडत राहिल्या, तेव्हा कुठे हे दोन टप्प्यांत, जुलै आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, लागू झालं. तुमचा मुलगा चौदा तास झोपला ना? एकट्या पोराने कोर्टात जाऊन “मला झोप येते” म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याची मेडिकल लावली असती.

आता वाईट बाजू. आपल्या पायलट संघटनांचा इतिहास काही ओवाळावा असा नाही. २००९ मध्ये एका मोठ्या खासगी कंपनीत संघटना उभी करणाऱ्या दोघांना काढलं, तेव्हा बाकीचे शेकड्यांनी एकदम “आजारी” पडले. पाचेक दिवसांत समेट झाला, काढलेले परत आले. जिंकले म्हणा. पण हीच कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली आणि पायलटांचे थकलेले पगार संघटनेला वसूल करता आले नाहीत. तिजोरीच रिकामी असेल तर युनियन काय करणार, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको. आणि २०१२! एअर इंडियाच्या पायलटांचा संप ५८ दिवस चालला. कशासाठी? नव्या ड्रीमलायनर विमानांचं ट्रेनिंग विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही मिळणार होतं, ते यांना नको होतं. शंभराच्या आसपास लोक बडतर्फ झाले आणि शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात मिटलं. एकाच कंपनीतल्या पायलटांचे दोन गट एकमेकांची बढती अडवायला बसले होते. मला त्या संपाबद्दल काडीची सहानुभूती नाही. १९८२ चं मी वर म्हटलं ना, ते हेच : संप सुरू करताना तो कुठे थांबवायचा हे ठरलेलं नसेल तर तो आपल्या हातात राहत नाही.

कायद्याचं थोडक्यात. संघटना करायचा हक्क घटनेच्या १९व्या कलमात आहे. संप करायचा हक्क त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्येच सांगितलंय. नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दोन गोष्टी मुलाने घोकून ठेवाव्यात. एक, अनेक संघटना असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली जी असेल तिच्याशीच मालकाने बोलायचं. म्हणजे पाच जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे संघटना नव्हे. दुसरी, निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो, आणि संपाला आगाऊ नोटीस लागते. ते २००९ चं “सगळ्यांनी आजारी पडू” आता कुणी सुचवलं तर तुमच्या पोराने खोलीतून उठून जावं. कंपनीचे वकील आणखी एक पत्ता टाकतील : कॅप्टन हा कामगार नाही, पर्यवेक्षक आहे. टाकू देत. तुमचा मुलगा उजवीकडच्या, म्हणजे को-पायलटच्या, खुर्चीत बसतो. तो कुणावर देखरेख करतो, हे मी भरल्या कोर्टात विचारीन.

तर कागदात काय वाचायचं? फक्त “पगार इतके टक्के वाढवा” असेल तर खाली ठेवून यावा. हमीचे तास, स्टँडबायचे (बोलावणं येईल म्हणून तयार बसण्याचे) पैसे, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) किती दिवस आधी मिळणार, थकवा कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही याची लेखी कबुली, नोटीस आणि बॉण्ड, हे त्यात हवं. कालच भरती झालेली पोरं त्यात धरलीत का, हेही बघावं. आणि सह्या कंपनीने दिलेल्या आयपॅडवर गोळा करू नयेत. हसू नका, एका बँकेतल्या पोरांनी असं केलं होतं.

हप्त्याची काळजी रास्त आहे. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत त्याने पुढाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभं राहू नये, हे मी आईला सांगते आहे, वकील म्हणून नव्हे.

प्रश्न : डिसेंबरात माझी भाची बंगळुरू विमानतळावर दोन दिवस अडकली. साखरपुडा तिच्याविना झाला. पायलट लोक अडवणूक करतात आणि भरडतो आपण. अशांना युनियनचा हक्क देणं म्हणजे आगीत तेल नाही का? विमानाला अडथळा नको म्हणून आपण साखर कारखान्याची चिमणी पाडली, ती यासाठी का?
— एक व्यापारी, नवी पेठ

उत्तर : भाचीचं ऐकून वाईट वाटलं. पण डिसेंबर २०२५ मध्ये कुणी पायलट संपावर नव्हता, शेठ. विश्रांतीचे नवे नियम येणार हे दोन वर्षं आधी, जानेवारी २०२४ मध्येच कळलेलं होतं. त्याला पुरतील इतके पायलट हाताशी नसताना सर्वांत मोठ्या कंपनीने वेळापत्रक गच्च ठेवलं, आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. मग काय झालं? त्याच कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. तुमच्या दुकानात दिवाळीला नोकर कमी ठेवून गिऱ्हाईक ताटकळलं तर तुम्ही कुणाला बोलाल? पायलटांची मजबूत संघटना असती आणि कंपनी तिच्याशी दर सहा महिन्यांनी रोस्टरवर बसत असती, तर माणसं कमी आहेत ही ओरड जूनमध्येच कानावर आली असती, असं मला वाटतं.

चिमणीचं मी काही बोलत नाही. त्या विषयावर माझ्या घरातच तीन मतं आहेत.

प्रश्न : वकीलबाई, मी पूर्व भागात बिड्या वळते. तीस वर्षं झाली. टीव्हीवर विमानवाल्यांचे पगार ऐकले. त्यांना महिन्याला जेवढं मिळतं तेवढं मला वर्षात नाही. आमची मजुरी हजार बिड्यांमागे. पान कमी देतात, कमी पडलं तर पदरचं घालायचं, वर छाट काढतात, म्हणजे वळलेल्या बिड्या खराब म्हणून बाजूला टाकतात. तुम्ही लोक त्यांच्या युनियनला कशाला बळ देता? आमचं कोण बोलणार?
— एक बिडी कामगार

उत्तर : राग बरोबर आहे, आणि तो माझ्यावर काढलात ते बरं केलंत.

पण तुमच्याकडे जे आहे ते त्या पोरांकडे अजून नाही, हेही सांगते. तुमच्या बायकांनी लाल बावटा घेऊन वर्षानुवर्षं मोर्चे काढले, म्हणून कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. पंतप्रधान आले होते चाव्या द्यायला. लाख-लाख मिळवणाऱ्या पोरांना अजून दोघं एकत्र बसून कागदावर सही करायची भीती वाटते. तुमची तुलना पगाराची असेल तर तुम्ही हरता, मी कबूल करते. पण हजारावर मजुरी आणि तासावर मजुरी यांची जात एकच : काम दिलं तर पैसे, आणि काम किती द्यायचं ते मालकाच्या हातात. पान कमी आलं की तुमचा दिवस बुडतो, रोस्टर रिकामं आलं की त्याचा.

पान कमी देण्याबद्दल मात्र तोंडी तक्रार करू नका. गेल्या तीन महिन्यांत किती वजनाचं पान मिळालं, किती हजार दिल्या, छाट किती काढली, हे कार्डावरून वहीत उतरवून घ्या. मुलीला लिहायला सांगा. तुमच्यासारख्या पाच-सहा जणींच्या वह्या एकत्र झाल्या की घेऊन या. मंगळवारी दुपारी चारनंतर मी लेबर कोर्टाच्या आवारातच असते, चहाच्या टपरीपाशी. कार्डं मूळ आणा, झेरॉक्स नको.